आयत्या पिठाचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळातल्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "तू सगळी हयात खाण्याच्या कारखान्यात घालवलीस, त्यावर लिही. पण लेक्चर देऊ नकोस, वर्गातही आम्हाला झोप यायची." प्रयत्न करतो.

माझी ओळख नव्या बॅचच्या वाचकांसाठी: १९७८ च्या दहावीची तुकडी. बारावीनंतर परभणीच्या कृषी विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजी शिकलो. घरी सांगितलं तेव्हा आजीनं विचारलं होतं, "म्हणजे आचाऱ्याचं शिक्षण?" पुढं पस्तीस वर्षं मसाले, झटपट मिक्स आणि डबाबंद भाज्या यांच्या कारखान्यांत गेली. आता निवृत्त आहे.

आपल्याकडे दुसऱ्याच्या कष्टावर मजा मारणाऱ्याला 'आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो' म्हणतात. माझा धंदा लोकांना आयतं पीठ पुरवण्याचा होता. त्यामुळे ही म्हण मला नेहमी थोडी टोचायची. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा वाचू लागलो, की हे आयतं पीठ पहिल्यांदा कुणी केलं, कशासाठी केलं आणि त्यामागचे कष्ट कुणाचे होते. हा लेख त्या वाचनातून आणि आपल्या शाळेच्या आठवणींतून झाला आहे.

सुकडीची रांग

१९७२ च्या दुष्काळात आपण पाचवीत होतो. घरोघरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकऱ्या होत्या. थापताना तुटायच्या, खाताना घशात अडकायच्या. आणि शाळेच्या पडवीत सुकडीची रांग. कागदाचा तुकडा किंवा पाटीच पुढं करायची, त्यावर मूठभर सुकडी. खिशात भरून घरी लहान भावंडांना नेणारेही आपल्यात होते. मी त्यांतला एक.

तेव्हा कळलं नाही, पण ती सुकडी हा आपल्या पिढीनं खाल्लेला पहिला सरकारी 'तयार पदार्थ' होता. तिला चूल लागत नव्हती, भांडं लागत नव्हतं. पीठ आधीच भाजलेलं, म्हणजे शिजलेलं. गुळानं गोडी आणि टिकाऊपणा दोन्ही यायचं. पाण्याचा अंश इतका कमी की बुरशीला आणि जंतूंना जगायला जागाच नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईला घरी जाऊन स्वयंपाक करायला ना वेळ होता ना सरपण. तिच्या हातावर थेट खाता येईल असं काहीतरी ठेवायचं होतं. जगातल्या बहुतेक तयार पदार्थांचा जन्म असाच झालेला दिसतो. चैनीपेक्षा अडचणीनंच हे पदार्थ जास्त जन्माला घातले.

गच्चीवरचा कारखाना

तसं पाहिलं तर हे शास्त्र आपल्या आयांना आणि आज्यांना आधीपासून येत होतं. पोहे घ्या. भात भिजवायचा, गरम करायचा, भाजायचा, ओला-गरम असतानाच कांडून चपटा करायचा. यात दाण्यातला स्टार्च आधीच शिजतो. म्हणून तर घरी नुसते भिजवले की पाच मिनिटांत पोहे तयार. भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, गुळपापडी, शेवया, सांडगे या सगळ्यांत तोच हिशेब: आज राबा, म्हणजे उद्या अचानक पाहुणा आला तर अडणार नाही.

कुरडयांचा दिवस आठवतो? गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. पहाटे चार वाजता मोठ्या पातेल्यात तो शिजवायचा. घट्ट होत जाणारा चीक हाटताना दोन बायका आळीपाळीनं पातेल्याशी झुंजायच्या. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया घालून संपल्या पाहिजेत. आपल्या वाट्याला त्यातलं सुख तेवढं यायचं: वाटीभर गरम चीक, आणि दिवसभर काठी घेऊन कावळे हाकलणं. आज मेळावे-संमेलनांत 'ते वाळवणाचे दिवस' म्हणून आपण जे उसासे टाकतो, ते काठीवाल्यांचे उसासे आहेत. पातेल्यापाशी उभं असणाऱ्यांना कुणी विचारलेलं नाही.

कारखान्यात गेल्यावर एक गोष्ट मला लवकर समजली. 'झटपट' असा कुठलाच पदार्थ नसतो. तो कुणीतरी, कुठंतरी, आधीच सावकाश केलेला असतो. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ते 'आधीचं काम' एका जागेहून दुसऱ्या जागी कसं गेलं, त्याची गोष्ट आहे.

हलवायाची बाटली

ही गोष्ट युरोपात सुरू करावी लागते, कारण वाळवण आणि खारवण यांच्यापलीकडे जाऊन, शिजवलेलं अन्न ओलंच टिकवण्याची रीत तिथं सापडली. निकोला आपेर हा फ्रान्सचा हलवाई. सुमारे १७९५ पासून त्यानं एकच ध्यास घेतला. भाज्या, मटण, दूध काचेच्या जाड बाटल्यांत भरायचं, बुचानं घट्ट बंद करायचं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास ठेवायच्या. फ्रान्स तेव्हा सतत युद्धात होता. खलाशी महिनोन्‌महिने खारट मांस आणि कडक बिस्किटं खाऊन आजारी पडत. आपेरच्या बाटल्या नौदलानं तपासल्या, त्या टिकल्या. १८१० मध्ये सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एकच: रीत लपवून न ठेवता छापून जाहीर करायची. त्यानं पुस्तक लिहून ती जाहीर केली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडनं पेटंट घेतलं, त्यात कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे डबेही होते. १८१३ पर्यंत ब्रायन डाँकिनचा लंडनमधला कारखाना लष्कराला डबे पुरवू लागला. गंमत अशी, की डबा आला पण डबा उघडण्याचं साधन यायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. तोवर छिन्नी आणि हातोडी. आपेर मात्र १८४१ मध्ये गरिबीत वारला. त्याचा कारखाना १८१४ मध्ये फ्रान्सवर चालून आलेल्या फौजांनी उद्ध्वस्त केला होता. ज्या युद्धासाठी बाटली केली, त्याच युद्धानं ती फोडली.

आणि आपेरला आपली रीत का चालते हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. हवा बाहेर राहिली म्हणून अन्न टिकलं, असं त्या काळचे लोक समजत. खरं कारण लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात दाखवलं. इथं मला आपल्या शास्त्राच्या सरांची आठवण होते. आठवीत त्यांनी दोन चंबूंत डाळीचं पाणी उकळलं, एकाचं तोंड उघडं ठेवलं, दुसऱ्याला कापसाचा बोळा लावला आणि दोन्ही खिडकीत ठेवले. चार दिवसांनी एकाचा वास वर्गभर, दुसरा स्वच्छ. सर इतकंच म्हणाले, "उकळणं सोपं आहे, नंतर राखणं अवघड." माझ्या पुढच्या आयुष्याचा अभ्यासक्रम त्या एका वाक्यात होता.

उकळणंही वाटतं तितकं सोपं नाही, हे पुढं कळलं. काही जंतू कवच घालून बसतात, शंभर अंशांना मरत नाहीत. १८९० च्या दशकात अमेरिकेत अंडरवुड नावाच्या डबेवाल्याचे शिंपल्यांचे डबे फुगू लागले. तो बॉस्टनच्या एमआयटी संस्थेत गेला. तिथल्या प्रेस्कॉट या तरुण संशोधकाबरोबर त्यानं डब्याच्या मध्यापर्यंत उष्णता किती वेळात पोचते हे मोजलं, आणि किती तापमान किती वेळ द्यायचं याचा हिशेब बसवला. आजही आंबट नसलेले पदार्थ डब्यात भरताना वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात, ते या कामाच्या आधारावर. त्यात चूक झाली तर बोटुलिनम नावाचं विष तयार होऊ शकतं. त्याला वास नसतो, चव नसते, आणि ते माणूस मारतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नव्वदच्या दशकात एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) निर्यातीच्या छोल्यांचे डबे माझ्या पाळीत भरले गेले. नमुन्याचे डबे उबेत ठेवून बघायची पद्धत असते. दहाव्या दिवशी त्यांतले दोन फुगले. तापमानाचा आलेख पाहिला तर मधली अकरा मिनिटं रेघच नाही. पेन अडकलं होतं की वाफ कमी पडली होती, सांगता येईना. वरून निरोप आला: "दोनच फुगलेत ना? बाकीचे जाऊ दे, जहाज चुकेल." मी सही केली नाही. सगळा माल पुरला गेला, माझी बढती तीन वर्षं अडली. मोठेपणा सांगायला हे लिहीत नाही. त्या रात्री मला भीती वाटली होती ती वेगळीच. आई घरी भाजीचा वास घेऊन ठरवायची, की ही टाकायची की खायची. छोल्यांचा डबा उघडणारी बाई तो निर्णय माझ्यावर सोपवून बसली होती. काम घराबाहेर गेलं की राखणही घराबाहेर जाते, आणि ती राखण पगारी माणसाच्या सहीवर चालते. सर, तुमचा कापसाचा बोळा मला तेव्हा फार आठवला.

गिरणीवाला आणि शेवयावाला

आता ज्या नावाशिवाय आपल्या नातवंडांचं पान हलत नाही, त्या मॅगीकडे येतो. मॅगी हे एका माणसाचं आडनाव आहे. ज्युलियस मॅगी, स्वित्झर्लंडचा गिरणीवाला. १८८० च्या दशकात तिथं कारखाने वाढले होते आणि हजारो बायका कामावर जात होत्या. दहा-अकरा तास यंत्रापाशी उभं राहून घरी आल्यावर स्वयंपाकाला वेळ कुठला? कामगारांची घरं पाव, बटाटा आणि दारूवर चालली होती, मुलं अशक्त होत होती. फ्रिडोलिन शूलर या डॉक्टरनं हे मांडलं. कडधान्यं स्वस्त आणि पौष्टिक, पण शिजायला तास लागतात, तर त्यांचं लवकर शिजणारं पीठ करता येईल का, असा प्रश्न होता. मॅगीनं कडधान्यं प्रक्रिया करून दळली, आणि १८८६ मध्ये वाटाण्याचं आणि घेवड्याचं तयार सूप बाजारात आणलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यानं डाळीचं मेतकूट केलं! कामावरून दमून आलेल्या बाईच्या चुलीसाठी.

मॅगीच्या नावाच्या नूडल्स भारतात आल्या १९८३ मध्ये, आपण नोकरी-लग्नाच्या वयात असताना. पण झटपट नूडल्सचा मूळपुरुष वेगळा: जपानचा मोमोफुकू आंदो. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाकात त्यानं एका वाडगाभर गरम शेवयांसाठी थंडीत लांबच लांब रांगा पाहिल्या होत्या. पुढं तो ज्या पतसंस्थेचा प्रमुख होता ती बुडाली. घर सोडून बाकी सगळं गेलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसाव्या वर्षी घरामागच्या खोपटात तो शेवयांचे प्रयोग करू लागला. वाळवलेल्या शेवया शिजायला वेळ लागे. बायको तेलात भजीसारखा तेंपुरा तळताना त्यानं पाहिलं, की पीठ तेलात पडताच आतलं पाणी उसळून बाहेर येतं आणि बारीक भोकं मागं राहतात. शेवया वाफवून तळल्या तर त्याच भोकांतून पुढं गरम पाणी आत शिरेल! २५ ऑगस्ट १९५८ ला त्याच्या 'चिकन रामेन'ची विक्री सुरू झाली. किंमत ३५ येन, ताज्या शेवयांच्या कित्येक पट. तरी खपली.

ही गोष्ट मी एकदा आईला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे पापड तळताना फुलतो तसंच ना?" अगदी तसंच.

आपल्या मुलखात

आपल्याकडचा इतिहासही टंचाईच्याच वाटेनं आला. दुसऱ्या महायुद्धात बंगळूरला तांदूळ मिळेना, तेव्हा १९२४ पासून चालत आलेल्या मावळ्ळी टिफिन रूमनं, म्हणजे एमटीआरनं, रव्याची इडली केली. आज लग्नाच्या नाश्त्याला आपण ती कौतुकानं खातो. पुढं आणीबाणीत हॉटेलांतल्या पदार्थांचे दर सरकारनं इतके खाली आणले, की दर्जा राखून धंदा करणं परवडेना. एमटीआरचं उपाहारगृह बंद पडलं. नोकरांच्या हाताला काम हवं म्हणून त्यांनी रवा इडलीचं कोरडं मिश्रण पाकिटांत भरून विकायला सुरुवात केली. साल १९७५. हे साल लक्षात ठेवा, मी पुन्हा तिकडे येणार आहे.

गुजरातेत आणंदला अडचण उलटी होती. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देत आणि मुंबईला तेवढं लागत नसे. उरलेल्या दुधाची पावडर करावी, तर परदेशी जाणकार सांगत की म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही. डॉ. कुरियन यांचे सहकारी हरिचंद दलाया यांना ते मान्य नव्हतं. त्यांनी रंग मारायचा फवारा आणि हवा तापवायचं यंत्र घेऊन ती होते हे करून दाखवलं. ३१ ऑक्टोबर १९५५ ला पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या डेअरीचं उद्‌घाटन झालं. म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, सुरू झाली होती. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांचं अन्न करण्याची रीत तिथं बसवली गेली. त्याआधी बाळाच्या दुधाचे डबे परदेशातून यायचे आणि ते मोजक्यांनाच परवडायचे.

महाराष्ट्रात हे काम बऱ्याच प्रमाणात घरच्या बायकांच्याच हातून पुढं गेलं. गिरगावात बेडेकरांच्या किराणा दुकानातून मसाले-लोणची आली, ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांत. त्याच गिरगावात १५ मार्च १९५९ ला जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तो 'लिज्जत'. पुण्यात १९६२ मध्ये हुकमीचंद आणि कमलबाई चोरडिया यांनी 'प्रवीण'चे मसाले सुरू केले. १९६३ मध्ये पुण्यातच 'गिट्स'ची मिश्रणं आली. 'लिज्जत'चं मला विशेष वाटतं, कारण तिथं काम तेच राहिलं, हातही तेच राहिले. बदललं एवढंच, की लाटण्याचे पैसे मिळू लागले. घरात शंभर पापड लाटणाऱ्या बाईला आपण कधी मजुरी विचारली होती?

वर्गाचा फोटो

या स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना पाचवीचा आणि दहावीचा असे दोन ग्रुप फोटो हाती लागले. पाचवीत आपल्या वर्गात सोळा मुली आहेत. दहावीच्या फोटोत सात.

उरलेल्या नऊ जणी कुठं गेल्या? कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणाचं लग्न लावून दिलं. पण एकीची हकीकत मला मागच्या वर्षी बाईंना भेटायला गेलो तेव्हा कळली. तिनं लिहायला परवानगी दिली आहे, नाव मात्र नको म्हणाली. आपल्या पिढीला ती लगेच आठवेल. गणितात पहिली यायची आणि पहिल्या तासाला उशिरा यायची. उशीर झाला म्हणून ती किती वेळा वर्गाबाहेर उभी राहिली, आणि आपण किती वेळा हसलो.

आठवीच्या सहामाहीनंतर ती आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी तीन भावंडं, शेतावर जाणाऱ्या चौघांच्या भाकऱ्या सातच्या आत हव्यात. पहाटे विहिरीचं पाणी, मग चूल, मग दळण डोक्यावर घेऊन दोन मैलांवरची गिरणी. ती बाईंना म्हणाली, "बाई, मला गणितं सुटतात. स्वयंपाक उरकत नाही."

हे साल १९७५. बंगळूरला ज्या वर्षी इडलीच्या पिठाची पाकिटं बांधली जात होती, तेच. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वाक्यं शेजारी येत नाहीत, म्हणून मी इथं शेजारी ठेवतोय.

पाकीट असतं तर ती शाळेत राहिली असती, असं मी म्हणणार नाही. तिच्या घरी पाकीट घ्यायला पैसे नव्हते. खरं सांगायचं तर बायकांचा सगळ्यांत जास्त वेळ वाचवला तो पाकिटांनी नाही, तर गिरणीनं, नळानं, गॅसनं, कुकरनं आणि मिक्सरनं. त्यातही पिठाच्या गिरणीचा नंबर मी पहिला लावीन. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, गिरणीचं पीठ जळतं, भाकरीला चव राहिली नाही. आजीही तसंच म्हणायची, पण जातं पुन्हा काही मांडलं नाही तिनं. जात्यावरच्या ओव्यांवर आपण निबंध लिहिले, मार्क मिळवले. आजीचा उजवा खांदा मरेपर्यंत वर जात नव्हता, हे कुठल्या निबंधात आलं नाही. पहिलं आयतं पीठ हे असं, शब्दशः पीठच होतं.

आईचा हात

माझ्या कारखान्यात भाजणीच्या थालीपिठाचं मिश्रण पहिल्यांदा तयार झालं, तेव्हा मी पाकीट घेऊन गावी गेलो. आईनं थालीपीठ लावलं. सगळ्यांनी खाल्लं. मी मोठ्या अभिमानानं, तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "कितीही केलं तरी आईच्या हातची चव पाकिटाला नाही."

ती तव्यावरून वळून म्हणाली, "चव चव काय करतोस. हात माझे होते ना? अजून चार पाकिटं ठेवून जा."

त्यानंतर तिनं घरी भाजणी भाजली नाही. त्या वेळात काय करायची? दुपारी ओसरीवर बसून वाचनालयातली मासिकं वाचायची. चौथीत शाळा सुटलेली बाई, साठाव्या वर्षी कादंबऱ्यांवर बोलायला लागली. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत मोठं बक्षीस मी ते मानतो.

जमा आणि खर्च

एवढं लिहून मी पाकिटांची जाहिरात करत नाही. उलट बाजू मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण ती मी आतून पाहिली. दमलेल्या बाईसाठी सुरू झालेला धंदा पुढं भूक नसलेल्या मुलांसाठी पदार्थ करू लागला. स्वस्त तेल, मीठ, साखर आणि वास-रंग यांची जुळणी अशी करायची, की एक खाल्ला तर दुसरा उघडावासा वाटला पाहिजे. अशा बैठकांत मी बसलो आहे आणि मान डोलावली आहे. ब्राझीलचे कार्लोस मोंटेरो यांनी २००९ पासून अशा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा वेगळा गट करून दाखवला, तेव्हा त्यात माझ्या हाताखालून गेलेलीही काही पाकिटं बसत होती. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. नूडल्सच्या एका पाकिटात त्यातला मोठा वाटा संपतो. आपल्यातले निम्मे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, म्हणून मुद्दाम सांगतो: पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं. थालीपिठाच्या पाकिटावर ज्वारी-बाजरी-डाळी दिसल्या तर ते आयतं पीठ. मैदा, पामतेल, साखर दिसलं तर ते दुसरंच काहीतरी.

आणि घरी करायचंच असेल, तर जरूर करा. पण 'घरचं ते घरचं' असं म्हणणाऱ्यानं चीक हाटायला उभं राहावं. काठी घेऊन कावळे हाकलणं हा स्वयंपाक नव्हे.

शेवटची सूचना

मेळाव्याच्या दिवशी दुपारचं जेवण आचाऱ्याकडून आहे असं कळलं. उत्तम. त्यातही कुणाचे तरी हात पहाटेपासून राबणार आहेत, जाताना त्यांना दोन शब्द सांगू या. माझी संयोजकांना एकच सूचना आहे. आपल्या वेळी स्नेहसंमेलनाच्या अल्पोपाहाराला मुली वाढायच्या आणि आपण बसायचो. या वेळी पहिली पंगत मुलींची असू दे. साठी ओलांडलेल्या मुलींची. ताटं, वाट्या, पाणी सगळं आपण मुलग्यांनी बघायचं. मठ्ठा सांडला तर सांडला.

ती येणार आहे. बाईंनीच तिला फोन केला होता. आठवीपर्यंतच शिकले, मी कशी येऊ, असं ती म्हणत होती. बाई म्हणाल्या, "हजेरीपटावरून तुझं नाव मी कमी केलं होतं, वर्गातून नाही." यंदाच्या फोटोत आठ मुली तरी नक्की असतील. बाकीच्या आठ जणींचा पत्ता कुणाला ठाऊक असेल, तर संयोजकांना कळवा. अजून वेळ आहे.